हिरवी पट्टी आणि मुकुंदवाडीचा टँकर

आमच्या औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात दुष्काळाच्या त्या वर्षांत नळ कोरडा असायचा, पण किस्से रोज भरायचे. टँकर मागवायची वेबसाइट बनवणारी मंडळी आम्ही. आता कधी जमलो अन् एकानं सुरू केलं की दुसऱ्याला आठवतंच. हसतो बी. पण शेवटाकडं कोणी हसत नाय.

*

वंदना आमची टेस्टर. तिनं एक टूल आणलं. ते स्वतःच ब्राउझर उघडायचं, बटणं दाबायचं, अन् पानानं कुठं काय मागितलं, कुठं काय पाठवलं, त्या सगळ्या रिक्वेस्टची यादी समोर ठेवायचं. पहिल्याच दिवशी कळलं, साइट स्लो का आहे. वरती जायकवाडी धरणाचा भलामोठा फोटो होता, तुडुंब भरलेला.

"सर, हा फोटो काढा. त्याच्यापायी पान उघडंना."

आमचे मालक जोशी सर म्हणाले, "राहू दे गं. भरलेलं धरण लोकांना दुसरीकडं कुठं बघायला मिळणार?"

फोटो राहिला.

*

टेस्ट म्हणून टूल रोज एक खोटं बुकिंग करायचं. एकदा आमच्या सुधीर प्रोग्रामरनं ऑफिसचाच पत्ता टाकला, अन् टेस्टची साइट समजून खऱ्या साइटवरच टूल चालवलं. दुपारी टँकर गल्लीत येऊन अडकला. मागं रिक्षांचे भोंगे. ड्रायव्हर जिना चढून वर आला. "जोशी कोण? पाणी कुठं ओतू?"

सर टेबलाखाली जायचेच बाकी होते! आजूबाजूच्या दुकानांतली माणसं बादल्या घेऊन धावली, टँकर रिकामा झाला. कोणत्या तरी वस्तीचं पाणी आपण खाल्लं, हे आम्हाला संध्याकाळी सुचलं.

*

सरांनी फर्मान काढलं, "टेस्टचा टँकर पुन्हा रस्त्यावर दिसला तर सगळ्यांना घरी बसवीन."

सुधीर घाबरला. वंदना टेस्टला कायम स्वतःच्या मुकुंदवाडीचाच पत्ता टाकायची. सुधीरनं तेवढंच बघून कोड लिहिला. मुकुंदवाडीचं बुकिंग आलं की पुढं टँकरवाल्यांकडं पाठवायचंच नाय, नुसती हिरवी पट्टी दाखवायची: 'बुकिंग झाले'. टेस्ट पास, टँकर नाय, सर खूश.

"लई डोकं लावलं राव," म्हणून आम्ही त्याला भजी खाऊ घातली. ते टेस्टपुरतंच ठेवायचं होतं. पुढच्या बदलांबरोबर ते खऱ्या साइटवर चढलं, अन् कोणाच्या लक्षात आलं नाय.

*

मुकुंदवाडीत टँकर येईना. वंदनानं स्वतःच्या फोनवरून अख्ख्या गल्लीचं बुकिंग करून दिलेलं. तिची सासू सगळ्यांना सांगायची, "आमच्या सुनेच्याच ऑफिसची साइट हाय. येतंय पाणी." त्या भरवशावर म्हातारीनं घरातला शेवटचा ड्रम शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकला.

मग एके दिवशी गणपत नावाचा पैठणचा ड्रायव्हर दुसऱ्या वस्तीचा टँकर घेऊन तिथून चालला होता. लोकांनी अडवला. "आमचं पाणी कुठं विकतो?" तो नाय नाय म्हणत राहिला. त्याला खाली ओढून मारलं, हात मोडला. मारणाऱ्यांत वंदनाचा नवरा बी होता.

*

दुसऱ्या दिवशी वंदना ऑफिसात आली, ती थेट कॉम्प्युटरपुढं बसली. गल्लीचं तेच बुकिंग तिनं खऱ्या साइटवर टूलमधून चालवलं. यादी आली. लोगो, फाँट, धरणाचा फोटो, सगळ्यांच्या रिक्वेस्ट होत्या. बुकिंगची नव्हती. हिरवी पट्टी मात्र झळकत होती.

आमची टेस्ट नुसती पट्टी बघायची. यादी तयार होत होती, ती आम्ही कोणी उघडतच नव्हतो. मला आम्हा सगळ्यांचीच चीड आली.

"काढ ते," वंदना सुधीरला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

*

संध्याकाळी मुकुंदवाडीत टँकर आला. मी वंदनाबरोबर गेलो होतो. त्या गल्लीत जायला दुसरा ड्रायव्हर तयार नव्हता, म्हणून गणपतच आला होता. हात प्लास्टरमध्ये, गाडी त्याचा भाऊ चालवत होता. घागरी घेऊन उभी असलेली माणसं मागं सरकली. वंदनाचा नवरा मान खाली घालून उभा.

सासू पुढं झाली. "इतके दिवस कुठं होता रे? माझ्या सुनेनं स्वतः बुकिंग केलं होतं."

"आमच्याकडं आलंच नव्हतं, मावशी," गणपत म्हणाला. "काल बी मी तेच सांगत होतो."

सासूनं वंदनाकडं बघितलं.

"खरं सांगतोय तो, आत्या," वंदना म्हणाली.

गणपतच्या भावानं पाइप सोडला. पाणी रस्त्यावर वाहायला लागलं, अन् पहिली घागर कोणी लावंना.