मावशींचा सफरचंदाचा काढा

विंझरला मी भाड्यानं राहते. शेजारच्या मावशींचं फळांचं छोटं दुकान आहे. थंडीत डागी सफरचंदं त्या घरी आणतात, डागाचा भाग विळीवर कापून टाकतात आणि उरलेल्या फोडी दालचिनी, लवंग, सुंठ घालून मऊ होईपर्यंत उकळतात. मग फडक्यातून गाळलेला तो गरम रस कपात ओतून थेट माझ्या दारात येतात.

"वास कसा येतोय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. चवीचं त्या कधीच विचारत नाहीत.

मी "छान" म्हटलं की त्यांचं समाधान होत नाही. "छान म्हंजी कसा? आदी काय येतं, लवंग का सफरचंद?"

या चौकशीचं मला फार नवल वाटायचं. परवा शेवटी कारण विचारलंच.

"दोन वर्सामागं ताप आला, तवापास्नं मला वासच न्हाई," त्या सहज म्हणाल्या. "फोडणी जळली तरी कळत न्हाई."

"मग एवढा खटाटोप कशासाठी करता?"

"तुमी सांगता तवा जरा आठवतंय."

मी कप नाकाशी नेला आणि पहिल्यांदाच सावकाश, नीट सांगायला लागले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.