सात नंबरचा पाइप

स्टोअरकीपरकडे सामानापेक्षा किस्सेच जास्त साठतात. सामान निदान कोणीतरी सही करून घेऊन जातं. किस्से न्यायला कोणी येत नाही! मारेगावजवळच्या आमच्या ड्रिलिंग कॅम्पाचे किस्से असेच माझ्याकडे पडून आहेत. मित्र जमले की मी ते हसत हसत सांगतो. शेवटचा मात्र आजवर गिळून टाकत आलो.

चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. जमिनीखाली कोळसा कुठे आणि किती खोल आहे ते बघून ठेवायचं, एवढंच आमचं काम. काढायचा नाही, नुसता बघून ठेवायचा! जवळच कोलाम आदिवासींचा पोड होता, दहा-पंधरा घरांची वस्ती. तिथला एक म्हातारा रोज मशीनसमोर येऊन बसायचा. एकदा त्यानं आमच्या साहेबांना विचारलं, "सायेब, हा कोयसा काढान कधी?"

"देशाला अडीनडीला लागेल तेव्हा. तीस वर्षांनी, चाळीस वर्षांनी."

"मंग आताच कायले खोदून राह्यले बाप्पा?"

साहेब मोठ्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकून आलेले. त्यांनी म्हाताऱ्याला चहा पाजला.

*

मशीन खालून दगडाच्या गोल, गुळगुळीत कांड्या वर काढायचं. प्रत्येक कांडी किती फुटांवरची ते तिच्यावर रंगानं लिहायचं आणि लाकडी खोक्यात ओळीनं ठेवायची. पुढे खाण काढणाऱ्यांना तोच आधार.

एक दिवस बघतो तर चार कांड्या गायब! शोधत गेलो, तर मोहाच्या झाडाखाली चौघी शेंदूर लावून उभ्या, पुढे नारळ फोडलेला. मी उचलायला हात घातला, तर साहेबांनी मला मागे ओढलं. बूट काढले, हात जोडले, गुडघे टेकले आणि शेंदराखालचे आकडे वाचून डायरीत उतरवून घेतले.

"राहू द्या इथेच," म्हणाले, "तुमच्या स्टोअरपेक्षा इथे जास्त जपतील!"

*

साहेबांचं म्हणणं मी लवकरच खरं करून दाखवलं. लोखंड तेव्हा परमिटवर मिळायचं. मी जोशात येऊन कॅम्पापुढे भाषण ठोकलं, "एक खिळा वाचवला की एक गोळी वाचली!" आणि सुताराला हुकूम दिला, खोक्याला आठ नाही, चारच खिळे ठोकायचे.

ट्रकमध्ये चढवताना खोक्यांचे तळ सटासट सुटले! तीन नंबरच्या भोकातल्या कांड्या फुटल्या, एकमेकींत मिसळल्या. साहेब आठ दिवस उन्हात बसून तुकडे जुळवत होते. आमचा करीम मिस्त्री बिडी शिलगावत म्हणाला, "बाबू, चीनले जे जमलं नसतं, ते तुमी च्यार खिळ्यात करून देल्लं!"

*

हा करीम मिस्त्री दारव्ह्याचा. मशीन त्याच्या हातात. भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून आत लोखंडी पाइप उतरवतात. काम संपलं की तो उपसायचा आणि पुढच्या भोकाला वापरायचा. पाइप जमिनीत अडकला की मिस्त्रीची नाचक्की. करीम पाइपाला कान लावायचा आणि आत काय चाललंय ते सांगायचा. मी एकदा विचारलं, "डॉक्टर, पेशंट कसा आहे?"

"भूक लागली म्हन्ते. पन वीस साल झाले बाबू, मी जमिनीले एक फूट लोखंड खाऊ नाही देल्लं!"

वीस वर्षं तो टेंपररीच होता. त्या वर्षी पक्का करण्याचे त्याचे कागद वर गेले होते. "पक्का झालो का घरवालीले कॅम्पात आनतो," तो ज्याला त्याला सांगायचा, "मंग तुमाले समजन बिर्यानी काय असते!"

*

सात नंबरच्या भोकाला कोळसा लागला आणि पाणीही लागलं. असं तसं नाही, पाइपातून आपोआप वर येऊन वाहायला लागलं! पोडावरच्या बायका तोवर नाल्यातला झिरा वाटीवाटीनं खरवडून पाणी भरत. त्या दिवशी त्या गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन धावतच आल्या. भीमाबाई नावाची बाई पुढे. तिनं आधी पोरांना धुतलं, मग गुंड भरला.

पण नियम असा की काम संपलं की पाइप काढून भोक सिमेंटनं बंद करायचं. साहेबांनी तिला समजावलं, "बाई, पुढे इथे खाण झाली तर या भोकातून पाणी आत शिरेल. माणसं बुडतील."

"खानीतले मानसं मंग येतीन सायेब," भीमाबाई म्हणाली, "आमी तं आज हावो ना!"

साहेब डायरी चाळायला लागले. मी बोललो. म्हणालो, "बाई, हे देशाचं काम आहे." माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं.

*

कॅम्प पुढच्या मुक्कामी हलला. पाइप उपसून सात नंबर बंद करायला करीम मिस्त्री दोन मजूर घेऊन मागे राहिला. चार दिवसांनी परत आला तो रिकाम्या हातानं.

"पाइप अटकला. तुटला. भोक बी ढासळलं."

"तुझा पाइप? तुटला?"

"हो बाबू. म्हातारा झालो."

रिपोर्ट मला लिहायचा होता. मी लिहिलं, 'लढाईच्या इमर्जन्सीत देशाचं लोखंड हलगर्जीपणानं गमावलं.' या वाक्याचा मला फार अभिमान वाटला. करीमनं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि "मस्त लिवलं बाबू," म्हणून सही केली. साहेबांनी नकाशातून मान वर केली नाही. महिन्याभरात करीमला कामावरून काढलं. आपली पेटी डोक्यावर घेऊन तो दारव्ह्याची एस.टी. पकडायला गेला, आणि मी स्टोअरच्या दारात उभा राहून त्याच्याकडून पान्हे परत मिळाल्याची पावती फाडत होतो. त्या पावतीची मला आजही लाज वाटते.

*

पाच-सहा वर्षांनी एका लग्नासाठी वणीला निघालो होतो. मारेगावच्या पुढे एस.टी. बंद पडली. तहान लागली म्हणून आडवाटेनं पोडाकडे चालत गेलो.

तिथे गुडघाभर उंचीचा पाइप जमिनीतून वर आलेला. राखेनं घासून लख्ख केलेला, त्याला हळदीकुंकवाची बोटं लावलेली. आणि अंगठ्याएवढी धार अखंड वाहत होती. गुंड लावून भीमाबाई बसली होती. तिनं मला ओळखलं नाही.

"हा पाइप कोणी ठेवला?" मी विचारलं.

"मिस्त्रीनं. सांगून गेलता, कोनी सरकारी दिसलं तं वरतं टोपलं झाकजा." ती हसली. "दर साली येत होता. काई खात नव्हता, पेत नव्हता. पाइपाले कान लावून पाहे अन् चालला जाय. औंदा नाही आला."

तिनं गुंड बाजूला सरकवला. मी ओंजळ धरली. पाणी गार होतं.

"तुमी त्या कॅम्पातले का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि पुन्हा ओंजळ धरली.