अप्पांचं तमिळ

बेंगळुरात राहून माझ्या वडिलांना एक खोड जडली. समोरचा माणूस ज्या भाषेचा, त्या भाषेत त्याच्याशी दोन शब्द बोलायचेच. अप्पा बेळगावकडचे, त्यामुळे कन्नडची अडचण नव्हती. पण ऐट होती ती तमिळची. तरुणपणी फौजेत असताना शेजारच्या बेटावर शांतता राखायला गेले होते, तिथं शिकलेलं.

त्या बेटाबद्दल त्यांचं एकच पालुपद. "आम्ही त्या लोकांना वाचवायला गेलतो. उतरलो तेव्हा हार घातले आम्हाला." त्यांचा जिवाभावाचा दोस्त तिथून परत आला नाही. तो उगाच गेला असं त्यांना कोण सांगणार? मी तरी नाही. आमच्या सर्जापूर रोडच्या सोसायटीतली बाकावरची रिटायर मंडळी मात्र रोज बातम्या चघळायची. कुठं बॉम्ब पडले की, "वाचवायला कसले जातात हो, तेलासाठी जातात सगळे!" अप्पा तणतणत घरी यायचे. "परक्या मुलखात कधी गेलेत का हे? बसल्या बसल्या बोलायला काय जातंय!" मलाही त्या लोकांचा राग यायचा. खरं असलं तरी या माणसासमोर कशाला बोलायचं?

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा आली. खाली गाड्यांना हार घातले, चाकाखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. चुरमुऱ्यांचं ताट घेऊन अप्पा समोरच्या फ्लॅटकडे निघाले, मागोमाग मी. तिथं नुकतंच एक तमिळ कुटुंब राहायला आलं होतं. दार उघडंच होतं, आत म्हाताऱ्या आजी स्वयंपाक करत होत्या. अप्पांनी खुशीत येऊन खड्या आवाजात हाक मारली, "वेळिये वा! सीक्किरम!" बाहेर ये, लवकर.

आजी बाहेर आल्या. हातात डाव तसाच, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर. नजर फरशीवर.

"अगं बाई, हे काय!" मी ओरडलेच. आतून त्यांची मुलगी धावत आली. तिनं आईचे हात हळूच खाली घेतले आणि मला हिंदीत सांगितलं, आम्ही त्या बेटावरचेच, मी लहान असताना होडीतून इकडे आलो. तपासणीला इकडचे सैनिक यायचे तेव्हा असंच बोलवायचे. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

अप्पा ताट तिथंच ठेवून परतले. जेवले नाहीत. "एवढंच येतं गं मला," म्हणाले. "दुसरं काही बोलायची वेळच आली नाही तिथं." मला भरून आलं, आणि त्यांची चीडही आली. इतकी वर्षं मिरवलं ते हे?

त्यानंतर बाकावर कुणी तेलाचं काढलं तरी अप्पा गप्प बसायचे. ते गप्प बसणं मला भांडणापेक्षा वाईट वाटायचं. एक दिवस म्हणाले, "तुझ्या ऑफिसातल्या त्या तमिळ पोरीला विचार की, 'आत या, बसा' कसं म्हणायचं." दाढी करताना ते घोकत राहिले.

पुढच्या आठवड्यात बेल वाजली. दारात आजी, मागे त्यांची मुलगी. ताट रिकामं परत करू नये हे त्यांच्यातही असावं, चकलीसारख्या मुरुक्कूंनी भरून आणलं होतं. अप्पा उठून दाराशी गेले. शिकलेलं सगळं विसरले बहुतेक. मुलीला हिंदीत म्हणाले, "आईला विचार बेटा, आम्ही तिथं यावं असं त्यांना वाटत होतं का?"

मुलीनं विचारलं. आजी अप्पांकडे बघत सावकाश काहीतरी बोलल्या.

"म्हणते, आम्हाला कुणी विचारलंच नाही. तुम्हाला विचारलं होतं का?"

"नाही," अप्पा म्हणाले. "मलाही नाही. माझ्या दोस्तालाही नाही."

मग ते दारातून बाजूला झाले, आणि हळू आवाजात म्हणाले, "उळ्ळे वांगा. उक्कारुंगा."

आजींनी चपला काढल्या आणि आत आल्या.