न पेटवलेली मेणबत्ती

सदर भागातल्या त्या मिशनरी शाळेने मला शिकवलं, हे मी कुठेही सांगते. मौद्याच्या जिल्हा परिषद शाळेतून सातवी झालेल्या मुलीला सिस्टरांनी वसतिगृहात ठेवून घेतलं, फी माफ केली, इंग्रजी वाचायला शिकवलं. माझ्याआधी आमच्या घरात कुणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. मी पुढे बी.ए. झाले, त्याचा पाया तिथला आहे. हे सांगून झाल्यावर दहावीतल्या रिकलेक्शनच्या दिवसाबद्दलही सांगायला हवं. त्या दिवसाचा मला अजून राग आहे, आणि तो जावा म्हणून मी काही केलेलं नाही.

रिकलेक्शन म्हणजे मननाचा दिवस. बोर्डाच्या परीक्षेआधी वसतिगृहातल्या दहावीच्या सगळ्या मुलींसाठी तो असे. ख्रिस्ती असो, हिंदू असो, की माझ्यासारखी बौद्ध. सकाळच्या चहापासून संध्याकाळपर्यंत मौन. बाहेरून एक फादर येत आणि मन कसं तपासायचं ते सांगत. कॅथलिक मुली एकेक करून पापनिवेदनाला जात. आम्ही बाकीच्यांनी बागेतल्या बाकांवर बसून आपापल्या चुका आठवायच्या. शेवटी हॉलमध्ये मेणबत्त्या. जिच्या मनात कुणाबद्दल राग असेल तिने मधल्या मोठ्या मेणबत्तीवरून आपली पेटवायची, त्या मुलीपाशी जायचं, 'मी तुला क्षमा केली' किंवा 'मला क्षमा कर' म्हणायचं आणि तिची मेणबत्ती पेटवून द्यायची. अख्ख्या दिवसात तेवढंच एक वाक्य बोलायची मोकळीक होती. मग सगळ्या जणी पेटत्या मेणबत्त्या घेऊन रांगेने चॅपलमध्ये.

त्या वर्षी हे सगळं माझ्यासाठीच मांडलंय असं वाटावं, असं आठवडाभर आधी घडलं होतं.

फीमाफीच्या मुलींना कामं वाटून दिलेली होती. माझ्याकडे इस्त्री होती, कोळशाची. एका शुक्रवारी आमच्या वर्गातल्या एका कॅथलिक मुलीची चर्चमध्ये डोक्यावर घ्यायची पांढरी जाळीची ओढणी, जिला आम्ही व्हेल म्हणायचो, तिच्या पेटीत जळलेली सापडली. मधोमध इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग. तिचे वडील कोळसा खाणीत मोठे साहेब. व्हेल तिच्या आजीने पाठवलेली. ती माझ्या गठ्ठ्यात आलीच नव्हती. कोळशाची इस्त्री मागच्या व्हरांड्यात उघडीच असायची, कुणीही घ्यावी. पण इस्त्री म्हटली की मी, एवढा हिशेब सगळ्यांना पुरला.

"बोल दो, तूने किया," वॉर्डन सिस्टर म्हणाल्या. त्या केरळच्या. "गॉड माफ करता है."

"मैंने नहीं किया, सिस्टर."

"रिकलेक्शन तक सोचो. माफी माँगेगा तो रहेगा. नहीं तो तुम्हारा बाप को बुलाएगा, सामान लेके घर."

घर म्हणजे मौदा, आणि मौदा म्हणजे शिक्षण संपलं. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. हे डॉर्मिटरीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मी आत शिरले की कुणीतरी म्हणायची, "उचला वं आपापले कपडे, इस्त्रीवाली आली." माझ्या शेजारच्या खाटेवरची काटोलची मुलगी, जिच्याशी माझं चांगलं जमायचं, तीसुद्धा म्हणाली, "मांगून टाक ना माफी. तुह्या बापाचं काय जाते?"

"केलंच नाही तर काहून मांगू?"

"मोठी आली सतवंती," ती म्हणाली आणि कूस वळवून झोपली.

रिकलेक्शनच्या दिवशी फादरनी छान सांगितलं. आवाज मऊ होता. धर्म कोणताही असो, मन सगळ्यांचं सारखंच मळतं, असं ते म्हणाले. मी बाकावर बसून माझ्या चुका आठवल्या. आईला उलट बोलले होते, विज्ञानाच्या वहीत मैत्रिणीचं उतरवलं होतं. व्हेल त्यात नव्हती. समोरच्या बाकावरच्या दोघी मौन पाळून माझ्याकडे बघत होत्या. तोंड बंद ठेवून माणूस किती दुष्टपणे बघू शकतो, ते मी तिथे शिकले.

मेणबत्तीचं मला नवल नव्हतं. आई रोज संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे लावायची. मी माझी घेतली आणि भिंतीला उभी राहिले. आधी दोन-तीन मुली एकमेकींकडे गेल्या, रडल्या. मग ती साहेबांची मुलगी उठली. मोठ्या मेणबत्तीवरून आपली पेटवली आणि हॉल ओलांडून सरळ माझ्यापुढे आली. जळलेली व्हेल तिने मुद्दाम डोक्यावर घेतली होती, डाग पुढे येईल अशी.

"मी तुला क्षमा केली," ती म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी वात पुढे केली की झालं असतं. आणि तेवढ्यानेच गुन्हेगारही ठरले असते, तेही माझ्याच हाताने. मी मेणबत्ती पाठीमागे नेली.

"कशाची?" मी विचारलं. "मी केलंच नाही. तुझी क्षमा तुझ्यापाशीच ठेव."

दिलेल्या वाक्यांत हे वाक्य नव्हतं. वॉर्डन सिस्टर उठून उभ्या राहिल्या. फादरनी हात वर करून त्यांना बसवलं, पण माझ्याकडे त्यांनीही बघितलं नाही. ती मुलगी हातावर मेण गळेपर्यंत तशीच उभी होती. मग मागे फिरली. चॅपलच्या रांगेत एवढ्या उजेडात एकटी माझीच मेणबत्ती कोरी होती. कुणी माझ्या शेजारी चालेना.

दोन दिवसांनी बा आला. तो हातमागावर काम करायचा. सिस्टरांना तो देवासारखं मानायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. ऑफिसात त्याला बसायला सांगितलं तरी तो उभाच राहिला. वॉर्डन सिस्टरांनी सगळं सांगितलं. मुलीने माफी मागावी, विषय संपला. बाने मान हलवली, मला व्हरांड्यात नेलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, माग.

"तू केलं का?"

"नाही बा."

"माह्याकडं पाहून सांग."

"नाही केलं."

तो आत गेला. "पोरगी म्हणते केलं नाही," तो हात जोडून म्हणाला. "तुमचे उपकार लय हायेत, बाई. पण जे केलं नाही त्याची माफी ते मांगणार नाही. ठेवायचं असन तर ठेवा. नाही तर मी तिले आताच घेऊन जातो." मी त्याला कुणाशी असं बोलताना कधी बघितलं नव्हतं.

सगळ्या सिस्टरांच्या वरच्या मदरपर्यंत गोष्ट गेली. परीक्षेपर्यंत राहू दे, असं ठरलं. इस्त्री माझ्याकडून काढून घेतली, बागेला पाणी घालायचं काम दिलं. कुणी चुकलो म्हणालं नाही. व्हेल कुणी जाळली ते मला कधी कळलं नाही. मुलींनी बोलणं टाकलं ते शेवटपर्यंत.

परीक्षेच्या दिवसांत एका संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी लाइट गेली. कंदील यायला वेळ होता. मी पेटीतून ती मेणबत्ती काढली, स्वतःच्या हाताने पेटवली आणि टेबलावर उभी केली. थोड्या वेळाने शेजारी पुस्तक सरकल्याचा आवाज आला. साहेबांची मुलगी होती. विचारलं नाही, नुसती येऊन बसली. मी मेणबत्ती तिच्याकडे सरकवली नाही, की अलीकडे ओढली नाही.

मी तिला क्षमा केली असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर होता.