पानवेलीबाहेरच्या चपला

२०१९ साल, मी एकाहत्तर वर्षांचा होतो. उमेळ्याला आमची पानवेलीची वाडी. वेलीत चपला घालून कुणी जायचं नाही, हा आमचा नेम. पोटचं मूल नव्हतं. मुलगी दोन महिन्यांची असताना अनाथाश्रमातून आणलेली. सासरहून आली होती, म्हणाली, "बाबा, वाडी मी सांभाळू?"

माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "वाडी रक्ताच्या माणसाकडेच जाईल. मातीची ओढ जन्माची असते, शिकवून येत नाही."

ती उठली. जाताना वाडीच्या तोंडाशी चपला काढल्या आणि वेलीतून एकदा फिरून आली. तिच्यामागून पुतण्या बूट घालूनच आत शिरला.

"अरे, बूट!" मी ओरडलो.

"काका, आत काय देऊळ आहे?" तो हसला.

तोवर तिची रिक्षा सुरू झाली होती. हाक मारली असती तर थांबली असती. मी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मनवेलपाड्याला तिच्या घरी गेलो. तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "रक्ताच्या माणसाकडे जा, बाबा." हट्ट अगदी माझाच. मी चपला काढल्या आणि तिच्या दारात बसून राहिलो.