ब्राझीलची सोडून पोर्तुगालची

आमचे हे घराला लागूनच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करतात. उभा जन्म त्यात गेला. तोंडाने कमी आणि हाताने जास्त असा माणूस, त्यामुळे घरात बोलायचा सगळा मक्ता माझ्याकडे. असा माणूस साठीनंतर कानात मोबाइलची बोंडं घालून परकी भाषा पुटपुटायला लागला, तर बायकोने काय समजायचं?

सुरुवातीला कारण सरळ होतं. मुलगा ब्राझीलला नोकरीला, सून पोर्तुगालची, ब्राझीलमध्येच दोघांचं जमलं. नात तीन वर्षांची, तिला पोर्तुगीजशिवाय ओ की ठो येत नाही. आमचे चिरंजीव तिला मराठी शिकवणार होते, ते राहूनच गेलं. ती फोनवर बडबडायची आणि आम्ही दोघं नुसते दात दाखवून हात हलवायचो. मला त्या पोरीशी दोन शब्द बोलायचे होते, बाकी काही नको होतं. म्हणून औषधाच्या दुकानावरच्या शिकवणीला हे निघाले तेव्हा मीच म्हटलं, जा, निदान एकाला तरी कळू दे.

त्यातही यांचा स्वभाव आडवा आला. कुठलीही गोष्ट उघडून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की पोर्तुगीज दोन तऱ्हेची, ब्राझीलची आणि पोर्तुगालची. नवशिक्याने एकच धरावी, दोन्हीकडे हात मारू नये. तर हे कितीतरी दिवस दोन्ही ऐकत बसले. "ब्राझीलवाले तोंड उघडून बोलतात, पोर्तुगालवाले अर्धी अक्षरं गिळतात आणि 'स'चा 'श' करतात," म्हणाले. मुलगा ब्राझीलला, तेव्हा ब्राझीलचीच ठरली. डोळ्याला भिंग, चिमट्यात काटा, आणि तोंडाने यांचं "शुभ सकाळ, कशी आहेस" चालायचं. ऐकायला बरं वाटायचं.

मग एकाएकी सूर बदलला. स्वयंपाकघरात मला नुसतं श्श, श्श ऐकू यायला लागलं. आधी वाटलं, हे कुणाला तरी गप्प करतायत. विचारलं तर म्हणाले, "आता पोर्तुगालची धरली. जरा अवघड आहे."

"ती कशाला? तिथे कोण आहे आपलं?"

"भाषा मूळची तिथलीच ना."

माझ्या मनात पाल चुकचुकली. घड्याळाचा साधा पट्टा बदलायचा तरी हा माणूस गिऱ्हाइकाला दहादा विचारतो. तो अर्धी शिकलेली भाषा उगाच टाकेल? त्यात नातही फोनवर दिसेनाशी झालेली. मुलाला विचारलं की झोपली आहे, खेळायला गेली आहे, आंघोळ करते आहे. मेली एवढी कसली आंघोळ. आणि मुलगा असं काही म्हणाला की हे लगेच पाणी प्यायला उठायचे. पाणी कुठेतरी मुरत होतं, एवढं मला नक्की कळत होतं.

शेवटी मी शिकवणीचा जिना चढले. बाईंना म्हटलं, "आमच्या यांच्या डोक्यात हे मध्येच काय भरवलंत?"

बाई गोंधळल्या. "मी नाही हो काकू, मी तर नकोच म्हणत होते. काकाच म्हणाले, नात आता पोर्तुगालच्या बालवाडीत जाते, तिची आजीही तिकडचंच बोलते."

तशीच दुकानात गेले. एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत उभी राहिले.

"सून माहेरी कधी गेली?"

यांनी डोळ्याचं भिंगही काढलं नाही. "झाले चार-पाच महिने. परत नाही येणार. पोरीला घेऊन गेली. तुझ्या बीपीमुळे तुला सांगू नका, असं पोरगा म्हणाला."

रडू नाही आलं, संताप आला. बापलेकांनी मिळून माझ्या तोंडाला पानं पुसली होती. सुनेचाही राग आला, आणि बीपीचा तर फारच.

"मग ही भाषा कुणासाठी?"

"विहीणबाईंसाठी. सून आपला फोन घेत नाही, त्या कदाचित घेतील. आमची नात आम्हाला बघू द्या, एवढं त्यांना नीट सांगता आलं पाहिजे. मध्येच अडलो तर ठेवून देतील."

"अजून किती शिकणार? पोरगी लग्नाला येईल तोवर. या रविवारी लावा, मी शेजारी बसते."

रविवारी फोन लावला. विहीणबाईंनी घेतला. चेहरा माझ्यासारखाच, कुणावर विश्वास न ठेवणारा. यांनी सगळं एका दमात सांगितलं, कपाळावर घाम. त्या आमच्याकडे बघत राहिल्या आणि उठून गेल्या. संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात त्या नातीला कडेवर घेऊन आल्या. पोरीचे केस कापले होते. तिने आमच्याकडे बघितलं आणि आजीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणाली?"

"नमस्कार म्हणाली."

नमस्कार आता मलाही कळतो, इतके दिवस भिंतीपलीकडून ऐकलाय. "खरं सांगा."

हे फोनकडेच बघत होते. "हे कोण आहेत, असं विचारते."

मी खुर्ची फोनजवळ सरकवली. मग म्हटलं, "सांगा ना तिला."

यांनी सांगितलं. तिला कळलं नाही. यांनी पुन्हा सांगितलं.