नॉट फिनिश

रॉकेलच्या हीटरचा वास आला की मला जपानमधल्या कोतोतला तो रविवारचा वर्ग आठवतो. व्हिएतनामी कामगारांना मी इंग्रजीचा भूतकाळ शिकवत होते. त्यांच्या भाषेत क्रियापद बदलत नाही. ‘काल’, ‘उद्या’ असा शब्द जोडला की काळ कळतो, त्यामुळे शेवटचा ‘ईडी’ हमखास राहून जायचा. पत्र्याच्या कारखान्यातली एक मुलगी उठून म्हणाली, “बॉस किक मी.” मी म्हटलं, “किक्ड. काम संपलं की ईडी.” “टीचर, नॉट फिनिश,” म्हणत तिने स्वेटर किंचित वर केला. बरगड्यांवर बुटाचे काळेनिळे डाग होते. तेवढ्यात तिचा बॉसच दार ढकलून आत घुसला आणि केसांना धरून तिला फरफटवू लागला. तिने हीटरवरची उकळती किटली ओढून त्याच्या हातांवर उपडी केली. तो किंचाळत खाली बसला. पोलीस आल्यावर ती म्हणाली, “यस्टरडे किक. टुडे किक. आय गो बॅक, टुमॉरो किक.” पोलिसाला सगळं समजलं. त्याने तिला परत पाठवलं नाही. पुढे बॉसला शिक्षा झाली. त्याच्या हातांची कातडी निघताना मला घाबरायला हवं होतं, पण मला बरं वाटलं होतं, आणि आजही वाटतं.